उपचाराचे उद्दिष्ट कोणी ठरवायचे? मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशकांना खुले पत्र

मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि त्यांना घडवणाऱ्या अभ्यासक्रमांचे प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्यांच्या मेंदूची जडणघडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे, म्हणजे जे स्वमग्न (ऑटिस्टिक) आहेत किंवा ज्यांना एडीएचडी (लक्ष टिकवणे, स्वस्थ बसणे, आवेग आवरणे अवघड जाणे), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), टूरेट सिंड्रोम (टिक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली किंवा निघणारे आवाज) आहे, असे न्यूरोडायव्हर्स लोक तुमच्याकडे रोज येतात. त्यांतल्या अनेकांचे निदान झालेले नसते. ते चिंता, नैराश्य, निद्रानाश, तुटलेली नाती किंवा पुन्हा पुन्हा सुटणाऱ्या नोकऱ्या घेऊन येतात आणि या सगळ्याच्या मुळाशी काय आहे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते. मीही तशीच आले होते. स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने मला प्रौढ वयात मिळाली आणि त्यानंतरच्या थेरपीने मला मोठा आधार दिला. थेरपीवर माझा विश्वास आहे आणि त्या विश्वासापोटीच माझी एक मागणी आहे : न्यूरोडायव्हर्स व्यक्तीच्या उपचाराचे उद्दिष्ट तिच्यासोबत बसून ठरवा आणि ते गाठल्याची खूण तिचे जगणे किती सुसह्य झाले यात शोधा, ती इतरांच्या नजरेला किती सर्वसामान्य दिसू लागली यात शोधू नका.

ही मागणी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८७ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी लहान स्वमग्न मुलांवरील तीव्र वर्तनोपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला सुमारे ४० तास चालणाऱ्या त्या उपचारात मुलाला मोठ्याने ‘नाही’ म्हणून दटावणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता आणि यशाचे मोजमाप बुद्ध्यंक व सर्वसाधारण शाळेच्या वर्गातला प्रवेश यांवरून केले गेले. मूल दिवसभर किती घाबरलेले असते, त्याला आपले म्हणणे सांगता येते का, त्याला कशात आनंद वाटतो, हे त्या मोजमापात कुठेच नव्हते. शिक्षेचा वापर पुढे बहुतेकांनी सोडला. परंतु मूल इतर मुलांपेक्षा वेगळे ओळखू येईनासे झाले म्हणजे उपचार सफल झाला, ही धारणा मात्र शिक्षेसोबत गेली नाही. ती आजही अनेक अहवालांत, उद्दिष्टांच्या तक्त्यांत आणि प्रगतीच्या नोंदींत दिसते : नजरेला नजर देणे वाढले, हात फडफडवणे कमी झाले, एकाच विषयावर बोलणे आटोक्यात आले.

हात फडफडवणे, डोलणे, बोटांत एखादी वस्तू फिरवत राहणे यांना आम्ही स्टिमिंग म्हणतो. स्वमग्न प्रौढांना विचारले, तर त्यांतले बहुतेक सांगतात की भावना अनावर झाल्या किंवा आवाज आणि प्रकाश असह्य झाला, की याच हालचाली त्यांना ताळ्यावर ठेवतात. अशी हालचाल थांबवायला शिकवणारा उपचार व्यक्तीची स्वतःला शांत करण्याची युक्ती काढून घेतो आणि त्या जागी काहीही देत नाही. हालचालीमुळे इजा होत असेल, तर तिला पर्याय शोधण्यात तुमची मदत अत्यंत मोलाची आहे. ती हालचाल केवळ विचित्र दिसते म्हणून तिच्यावर उपचार करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगळेपण लपवून वावरण्याला मास्किंग म्हणतात. लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली स्वमग्न प्रौढांच्या तोंडून त्याचे तपशील गोळा केले : संभाषणाची आधी तालीम करणे, दुसऱ्यांचे हावभाव उचलणे, स्वतःला सतत न्याहाळत राहणे आणि शेवटी येणारा प्रचंड थकवा. सारा कॅसिडी यांच्या गटाने २०१८ साली मास्किंग आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध दाखवला. त्याआधी, २०१६ साली, स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित एका मोठ्या अभ्यासातून स्वमग्न लोकांचे आत्महत्येने होणारे मृत्यू इतरांच्या तुलनेत कित्येक पटींनी जास्त असल्याचे आणि ज्यांना बौद्धिक अक्षमता नाही, म्हणजे जे वरवर पाहता सगळे व्यवस्थित सांभाळत आहेत असे वाटते, त्यांच्यात हा धोका विशेष असल्याचे समोर आले होते. हे सगळे एकत्र वाचले, की लपवण्याचे कौशल्य वाढवणारा उपचार नेमके काय वाढवतो आहे, हा प्रश्न टाळता येत नाही.

मास्किंग तुमच्या खोलीच्या दाराशी थांबत नाही, हे तर मला ठळकपणे सांगितले पाहिजे. आमच्यापैकी अनेक जण उत्तम रुग्ण असतात. आम्ही वेळेवर मान हलवतो, तुमच्या डोळ्यांकडे पाहतो, तुम्हाला अपेक्षित असलेले उत्तर ओळखून तेच देतो आणि मागच्या आठवड्यातील व्यायामाने बरे वाटले असे सांगतो, कारण दुसऱ्या माणसाला निराश न करणे हे आम्ही लहानपणापासून शिकत आलेलो असतो. तुमच्या वहीत प्रगतीची नोंद होते आणि घरी गेल्यावर त्या तासाच्या श्रमाने आम्ही उरलेला दिवस अंधाऱ्या खोलीत पडून काढतो. म्हणून पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगा की नजर दिली नाही तरी चालेल, येरझाऱ्या घालत बोलले तरी चालेल, हातात काहीतरी धरले तरी चालेल आणि ‘या पद्धतीचा मला उपयोग होत नाही’ असे म्हटले तर तुम्हाला वाईट वाटणार नाही. शेवटचे वाक्य एकदा सांगून पुरत नाही, ते अधूनमधून पुन्हा सांगावे लागते.

आता थेरपीतल्या सर्वांत नेहमीच्या प्रश्नाकडे येते : ‘हे सांगताना तुम्हाला काय वाटतंय?’ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर सिफनीऑस यांनी अ‍ॅलेक्सिथायमिया ही संज्ञा मांडली. स्वतःच्या भावना ओळखणे आणि त्यांना शब्द देणे अवघड जाणे, असा तिचा आशय आहे. २०१९ साली उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा स्वमग्न व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांमध्ये अ‍ॅलेक्सिथायमिया आढळला, तर इतरांमध्ये तो सुमारे ५ टक्के होता. म्हणजे तुमच्यासमोर बसलेली स्वमग्न व्यक्ती या प्रश्नावर गप्प राहिली, तर ती काही दडवते आहे किंवा उपचाराला विरोध करते आहे, असे गृहीत धरण्याआधी तिच्याकडे त्या क्षणी उत्तरच नसण्याची शक्यता तुम्ही विचारात घेतली पाहिजे. अनेकांना शरीरातल्या खुणाही अस्पष्ट जाणवतात. भूक लागली आहे, ताप चढतो आहे की मनात भीती आहे, यांतला फरक तासाभराने, कधी दोन दिवसांनी कळतो.

येथे थेरपी खरोखर खूप काही करू शकते. ‘काय वाटतंय’ याऐवजी ‘छातीत, पोटात, जबड्यात काही बदल जाणवतो का’, ‘आत्ता उठून जावेसे वाटते की आणखी थांबावेसे वाटते’ असे निश्चित प्रश्न विचारता येतात. भावनांची यादी समोर ठेवून त्यांतून निवडायला सांगता येते, तीव्रता आकड्यात किंवा रंगात मागता येते, उत्तर लिहून नंतर पाठवण्याची मुभा देता येते. माझ्या बाबतीत शेवटच्या मुभेने सर्वाधिक फरक पडला. बोलताना जे सापडत नव्हते, ते संध्याकाळी कागदावर सापडू लागले आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्या कागदापासून होऊ लागली. संकटकाळात तर या मुद्द्यावर जीव अवलंबून असू शकतो. अतिशय खचलेली स्वमग्न व्यक्ती सपाट आवाजात, चेहऱ्यावर कोणताही भाव न आणता आत्महत्येच्या योजनेबद्दल बोलू शकते. केवळ आवाज शांत आहे म्हणून तिच्या बोलण्यातले गांभीर्य कमी मानू नका.

विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या सीबीटीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण न्यूरोडायव्हर्स लोकांना बहुधा हीच पद्धत सुचवली जाते. तिचा उपयोग होतो, याला चांगला पुरावा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवलेल्या चाचणीत, चिंतेने ग्रासलेल्या १६७ स्वमग्न मुलांवरील उपचारांची तुलना करण्यात आली. नेहमीच्या सीबीटीने त्यांना फायदा झाला आणि स्वमग्नतेला अनुरूप असे बदल केलेल्या सीबीटीने त्याहून अधिक फायदा झाला. म्हणजेच पद्धत टाकून द्यायची गरज नाही, तिला व्यक्तीप्रमाणे वळवण्याची गरज आहे, आणि ही गोष्ट आता केवळ सदिच्छेची राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाईस या संस्थेने २०१२ सालीच स्वमग्न प्रौढांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत हे बदल नोंदवले आहेत : सत्राची रचना अधिक ठोस ठेवणे, लेखी आणि चित्रमय साहित्य वापरणे, साध्या भाषेत बोलणे, रूपकांचा अतिरेक टाळणे, नियम स्पष्ट करून सांगणे, मध्ये विश्रांती देणे, व्यक्तीची इच्छा असेल तर जवळच्या माणसाला सामील करणे आणि तिच्या खास आवडीच्या विषयाचा उपचारात उपयोग करणे. यांतली कोणतीही गोष्ट महाग उपकरणे मागत नाही. तरीही त्या क्वचितच अमलात येतात, याचे मला मनापासून दुःख आहे.

सीबीटीत एक धोकाही आहे. ‘लोक मला टाळतात’ असे आम्ही म्हणालो, की त्याला विचारांतली विकृती समजून त्याच्या विरुद्ध पुरावे शोधायला सांगितले जाते. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात लोकांना स्वमग्न आणि इतर व्यक्तींची काही सेकंदांची चित्रफीत किंवा ध्वनिफीत देण्यात आली, तेव्हा स्वमग्न व्यक्तींबद्दलचे पहिले मत जास्त प्रतिकूल झाले आणि त्यांच्याशी बोलण्याची इच्छाही कमी दिसली. मात्र त्याच व्यक्तींचे बोलणे फक्त लिहिलेल्या स्वरूपात वाचायला दिल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे आमच्या म्हणण्यात खोट नव्हती, बोलण्याच्या ढबीवरून निवाडा झाला होता. ज्या व्यक्तीला लोक खरोखरच टाळतात, तिला ‘तुमचा हा समज चुकीचा आहे’ असे सांगणे म्हणजे तिने आयुष्यभर घेतलेल्या अनुभवाला खोटे ठरवणे होय. त्याऐवजी जे घडले ते मान्य करून, त्यावरून तिने स्वतःबद्दल काढलेला ‘मी माणूस म्हणूनच कमी आहे’ हा निष्कर्ष मात्र तपासायला घ्या. खरे काम तिथे आहे.

डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे मांडले की स्वमग्न आणि इतर लोकांमधले गैरसमज दोन्ही बाजूंनी निर्माण होतात, कारण दोघांचाही जगाचा अनुभव वेगळा असतो. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. ही मांडणी थेरपिस्टला थेट लागू होते. तुम्हाला आमचा चेहरा वाचता येत नसेल, तर ती उणीव फक्त आमची नाही, तो त्या दोन खुर्च्यांमधला प्रश्न आहे. अशा वेळी अंदाज करण्याऐवजी विचारा. आम्हाला सरळ प्रश्नांचा राग येत नाही, उलट हायसे वाटते.

भीतीवर उपचार करताना भीतीदायक गोष्टीला हळूहळू सामोरे जाण्याचा सराव करून घेतला जातो आणि तो अनेकदा यशस्वी होतो. परंतु संवेदनांचा त्रास आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज, प्रकाश, स्पर्श यांबाबतची संवेदनशीलता २०१३ सालच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत, स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट झाली. मेंदूच्या प्रतिमांवरून झालेल्या संशोधनातही दिसले आहे की ज्या स्वमग्न मुलांना संवेदनांचा त्रास जास्त असतो, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद तोच आवाज पुन्हा ऐकूनही इतरांइतका कमी होत नाही. गोंगाटात उभे राहून कानांना सवय होईल अशी वाट पाहायला लावणे अशा व्यक्तीसाठी निव्वळ यातना ठरू शकते. तिला कानात बोळे घालायला, बाजूला जायला, आधीच निघून यायला शिकवणे याला पळपुटेपणा समजू नका. तुमच्या स्वतःच्या खोलीतली लुकलुकणारी ट्यूबलाइट, पंख्याची घरघर आणि उग्र सुगंधही याच कारणासाठी तपासून पाहा.

एडीएचडीबद्दल माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. तिथे अनेकांना औषधाने मोठा फरक पडतो आणि थेरपीने औषधाची जागा घेण्याचा आग्रह धरू नये. पण औषध घेऊनही बरेच काही शिल्लक राहते. २०१० साली स्टीव्हन सॅफ्रेन आणि सहकाऱ्यांनी औषध घेत असूनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांवर चाचणी केली. तीत नियोजन, विचलन आणि विचारांच्या सवयी यांवर काम करणारी सीबीटी ही केवळ शिथिलीकरण आणि माहिती देणाऱ्या उपचारापेक्षा सरस ठरली आणि तिचा लाभ पुढेही टिकला. मला सांगायचे आहे ते अशा उपचाराच्या मांडणीबद्दल. घरी करायचा अभ्यास देऊन तो विसरल्यावर ‘तुमची बदलण्याची तयारी दिसत नाही’ असे म्हणणे हे ज्या अडचणीसाठी माणूस आला त्याच अडचणीची शिक्षा देण्यासारखे आहे. भेटीला उशीर होणे, तारीख विसरणे, अर्धवट भरलेला तक्ता, या गोष्टी उपचाराचा विषय आहेत. तो तक्ता सत्रातच सोबत भरायला घेता येतो, भेटीच्या आदल्या दिवशी एक संदेश पाठवता येतो, आठवड्याच्या पाच कामांऐवजी एकच काम देता येते. त्याहून खोल काम म्हणजे आळशी, बेफिकीर, वाया गेलेला ही विशेषणे ऐकत वाढलेल्या माणसाच्या मनातली लाज. ती एका वेळापत्रकाने जात नाही, तिला वेळ द्यावा लागतो.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला वाचन शिकवणे हे ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध पद्धतशीरपणे शिकवणाऱ्या शिक्षकाचे काम आहे, थेरपीने ते होणार नाही. परंतु वर्गात मोठ्याने वाचायला उभे केल्यावर झालेल्या अपमानाची भीती मोठेपणीही सोबत राहते आणि तिथे तुमची गरज असते. टूरेटमधील टिक्ससाठी अंगातली पूर्वसूचना ओळखून पर्यायी हालचाल करण्याचे प्रशिक्षण २०१० सालच्या एका मोठ्या चाचणीत मुलांना उपयोगी ठरले आहे. ते घ्यायचे की नाही, हे त्या टिक्सचा त्रास स्वतः त्या मुलाला होतो की त्याच्याकडे पाहणाऱ्यांना, यावर अवलंबून असावे.

लहान मुलांच्या बाबतीत एक चाचणी मला फार आश्वासक वाटते. २०१० साली ब्रिटनमध्ये १५२ लहान स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसोबत झालेल्या या कामात थेरपिस्टने मुख्यतः पालकांना त्यांच्या आणि मुलाच्या खेळाची चित्रफीत दाखवली आणि मूल स्वतःहून देत असलेल्या बारीकसारीक खुणा ओळखून त्यांना प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवले. पालकांचा प्रतिसाद लक्षणीय सुधारला आणि मुलेही स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांतही फायदा टिकलेला आढळला. येथे बदलाची सुरुवात मोठ्या माणसांकडून झाली, ही बाब पालकांना समुपदेशन करताना सांगण्यासारखी आहे. जी मुले किंवा प्रौढ बोलत नाहीत, त्यांना चित्रांचे तक्ते, टंकलेखन किंवा आवाज देणारे उपकरण उपलब्ध करून द्या आणि त्यांच्या वतीने दुसऱ्याने बोलण्याआधी त्यांना स्वतः उत्तर देण्यासाठी पुरेसा वेळ द्या. मानसोपचार फक्त बोलणाऱ्यांसाठी असतो, असा नियम कुठेही नाही.

अभ्यासक्रम आखणाऱ्या प्राध्यापकांना माझी विशेष विनंती आहे. २०१३ पर्यंत अमेरिकी वर्गीकरणाच्या नियमांनुसार स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन निदाने एकाच व्यक्तीला देता येत नव्हती. त्या काळात शिकलेले अनेक तज्ज्ञ आजही दुसऱ्या निदानाचा विचार करत नाहीत. अनेक स्त्रियांना स्वमग्नता ओळखली जाण्याआधी वर्षानुवर्षे व्यक्तिमत्त्व विकाराचे लेबल सोसावे लागले आहे. विद्यार्थ्यांना हे विषय बालविकासाच्या एखाद्या प्रकरणापुरते शिकवू नका, प्रौढांच्या चिंता आणि नैराश्याच्या प्रशिक्षणातही ते यायला हवेत. न्यूरोडायव्हर्स व्यक्तींना मानधन देऊन वर्गात शिकवायला बोलवा. तुमच्या विद्यार्थ्यांमध्येही असे लोक आहेत आणि आपले निदान उघड केल्यास कोणी आपल्याला थेरपिस्ट होऊ देणार नाही, या भीतीने ते गप्प आहेत, याची जाणीव ठेवा.

शेवटी एक ठोस प्रस्ताव. पहिल्या भेटीच्या अर्जात चार प्रश्न जोडा : बोलणे, लिहिणे की चित्रे, यांपैकी कशातून सांगणे सोपे जाते, खोलीतला कोणता आवाज, प्रकाश किंवा वास त्रास देतो, खूप ताण आल्यावर तुम्ही कसे दिसता आणि तेव्हा आम्ही काय करावे, आणि हा उपचार उपयोगी पडला हे तुम्हाला रोजच्या जगण्यातल्या कोणत्या गोष्टीवरून कळेल. चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्या व्यक्तीच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठेवा आणि दर काही महिन्यांनी तेच पान उघडून त्या व्यक्तीसोबत वाचा. ज्यांनी असे बदल आधीच केले आहेत, त्यांनी काय जमले आणि कुठे अडचण आली हे सहकाऱ्यांसाठी लिहावे, आणि ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी आपले आक्षेप उघडपणे मांडावेत. त्या चर्चेत आमच्यासारख्या उपचार घेणाऱ्यांनाही जागा असावी, इतकीच अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
उपचार घेणारी एक स्वमग्न व्यक्ती